पाणी, कचरा, नाला, घरपट्टी: बेळगाव-खानापूर-निपाणी भागातनं सारखे येणारे प्रश्न

गेली काही वर्षं लोकांचे अर्ज लिहून द्यायचं काम करतोय, त्यामुळे रोज फोनवर नाहीतर व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात. एकेकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. आधी साधे प्रश्न घेतलेत, मग अवघड. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही, दुसऱ्या प्रश्नात असेल तिथं नंबर दिलाय तो बघा.

१. माझं घर नेमकं कुणाच्या हद्दीत येतंय हे कसं कळायचं?

घरपट्टीची पावती काढा आणि वरचं नाव वाचा. पावती कन्नडमध्ये असते म्हणून बरेच लोक ती बघतच नाहीत, पण पाचच शब्द ओळखता आले की झालं. ग्राम पंचायिती म्हणजे ग्रामपंचायत. पट्टण पंचायिती म्हणजे आपण नगर पंचायत म्हणतो ती, खानापूरला आहे ती हीच. त्याच्या वर पुरसभे, मग नगरसभे (निपाणी, गोकाक), आणि सगळ्यात वर महानगर पालिके, ती फक्त बेळगाव शहराला, ५८ वॉर्डांची. कायद्यात हे लोकसंख्येवर ठरतं, १० ते २० हजारला पट्टण पंचायत, २० ते ५० हजारला पुरसभा, त्याच्या वर ३ लाखापर्यंत नगरसभा.

बेळगावात अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची. कॅम्प भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे, ते संरक्षण खात्याच्या खाली येतं, त्यामुळे कॅम्पातल्या गटाराची तक्रार महापालिकेत दिली तर ती तशीच परत येते. हिंडलगा, कंग्राळी, येळ्ळूर हे शहराला चिकटलेले असले तरी पंचायतीत आहेत. मच्छे आणि पिरनवाडी आधी पंचायतीत होते, आता तिथं पट्टण पंचायत झालीय.

२. बुडा आणि महापालिका एकच ना?

नाही. बुडा म्हणजे नगरविकास प्राधिकरण, त्यांचं काम नकाशा, लेआउट, प्लॉट, रस्त्याची आखणी. कचरा, दिवे, गटार हे महापालिकेचं. गोंधळ होतो तो मधल्या काळात, लेआउट तयार झालाय, लोक राहायला आलेत, पण बुडाकडनं पालिकेकडे हस्तांतर झालेलं नाही, मग दोन्हीकडनं एकच उत्तर येतं की आमच्याकडे नाही. अशा वेळी पहिला अर्ज बुडाला द्यायचा आणि त्यात एवढंच विचारायचं की हा लेआउट पालिकेला कोणत्या तारखेला सोपवला. तारीख असेल तर तो कागद घेऊन पालिकेत जा, नसेल तर जबाबदारी अजून बुडाची. गुंठेवारीतले, बाँडवर घेतलेले प्लॉट याच्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी प्रश्न ९ बघा.

३. नळाचं पाणी येतं कुठून आणि तक्रार कुणाकडे करायची?

बेळगाव शहराला पाणी दोन ठिकाणांहून येतं. एक राकसकोप, मार्कंडेय नदीवरचं जुनं धरण, तिथलं पाणी हिंडलगा पंपिंग स्टेशनवरनं लक्ष्मी टेकला येतं. दुसरं हिडकल, घटप्रभेवरचं राजा लखमगौडा धरण. राकसकोप २,४७५ फुटाला भरतं, पावसाळ्यात पेपरात रोज आकडा येतो तो याच पातळीचा.

२४ तास पाण्याची योजना जागतिक बँकेच्या मदतीनं आली आणि २००८ मध्ये शहराच्या १० वॉर्डांत पाणी सुरू झालं. नंतर उरलेल्या शहरासाठी मोठं काम निघालं ते कंपनीला दिलंय, रस्ते खोदलेले दिसतात ते त्याचेच. पाइप फुटला, मीटर बंद, गढूळ पाणी, अशी तक्रार आधी त्या कंपनीच्या तक्रार केंद्रात द्यायची आणि नंबर घ्यायचा. पण पाणी देण्याची कायद्यानं जबाबदारी पालिकेचीच आहे, त्यामुळे कंपनी ऐकत नसेल तर तोच तक्रार नंबर लावून पालिका आयुक्तांना अर्ज करा.

निपाणीला जवाहर तलाव आणि यमगर्णीजवळची वेदगंगा, तिथं सगळं थेट नगरसभेकडे.

४. राकसकोप भरून वाहतंय तरी आमच्या गल्लीत आठ दिवसांनी पाणी का?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो आणि राग यायला कारण आहे. धरणात पाणी असणं वेगळं आणि ते टाकीत चढणं वेगळं. मध्ये पंप आहेत, पंपाला हेस्कॉमची (आपल्या भागातली सरकारी वीज कंपनी) वीज आहे, वादळी पावसात लाइन गेली की पंपिंग थांबतं आणि एक पाळी चुकली की पुढचा सगळा भाग मागं सरकतो. दुसरं म्हणजे जुन्या पाइपांची गळती. तिसरं, उंचावरच्या गल्ल्यांना प्रेशर मिळत नाही आणि खालच्या घरांत मोटर लावून ओढतात ते वेगळंच (नळाला थेट मोटर लावणं नियमात बसत नाही, शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी आहे ते).

तक्रार करताना "पाणी येत नाही" एवढंच लिहू नका. शेवटचं कधी आलं, किती वेळ आलं, शेजारच्या गल्लीत कधी आलं हे महिनाभर कॅलेंडरवर लिहून त्याचा फोटो जोडा. तारखा बघितल्यावर टाळाटाळ करणं अवघड जातं.

५. गावात जलजीवनचा नळ बसवलाय पण पाणी नाही, कुणाला विचारायचं?

पंचायतीला. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, माणशी दिवसाला ५५ लिटर असं ठरलंय. काम जिल्हा पंचायतीच्या ग्रामीण पाणीपुरवठा खात्यानं केलं असलं तरी पूर्ण झाल्यावर चालवायचं पंचायतीनं. म्हणून पीडीओंना (पंचायत विकास अधिकारी) विचारा की काम ताब्यात घेतलंय का. घेतलं नसेल तर ठेकेदाराचं बिल निघायच्या आधी ग्रामसभेत ठराव घाला की पाणी आलेलं नाही. सहा महिन्यांतनं एकदा तरी ग्रामसभा घ्यावीच लागते आणि ठराव वहीत लिहिला जाईपर्यंत उठायचं नाही. खानापूर तालुक्यात डोक्यावर धो धो पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये बायका झऱ्यावर वाटी वाटीनं पाणी भरतात, हे बघवत नाही, म्हणून सांगतोय.

६. कचरा वेगळा करून दिला तरी गाडीत एकत्रच टाकतात, मग कशाला करायचा?

करायचा. केंद्राच्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा (बॅटरी, बल्ब, संपलेली औषधं) वेगळा देणं आपल्यावर आणि वेगळा नेणं पालिकेवर घातलंय. गाडीवर कन्नडमध्ये हसी कस म्हणजे ओला, ओण कस म्हणजे सुका. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून खूण करून वेगळे द्या, ते हातानं उचलणारा माणूसच असतो.

शहराचा कचरा तुरमुरीला जातो. तिथल्या आजूबाजूच्या गावांत जाऊन एकदा वास घेऊन या, मग ओलं-सुकं एकत्र टाकायला हात धजत नाही. एकत्र गेलेल्या कचऱ्याचं खत होत नाही, डोंगर होतो, आणि पावसात त्यातनं जे काळं पाणी झिरपतं ते कुणाच्या तरी विहिरीत जातं. गाडीवाला एकत्र करत असेल तर गाडी नंबर आणि वेळेसह फोटो काढा आणि आरोग्य निरीक्षकाला पाठवा. गाडीवरच्या सफाई कामगारांशी भांडू नका, दोन कप्प्यांची गाडी देणं त्यांच्या हातात नाही.

दिवसाला १०० किलोच्या वर कचरा होणारी मंगल कार्यालयं, हॉटेलं, मोठ्या अपार्टमेंट यांना त्याच नियमात वेगळी जबाबदारी आहे, ओला कचरा शक्यतो आपल्या जागेतच जिरवायचा.

७. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये लोक कचरा टाकून पेटवतात, काय करता येतं?

उघड्यावर कचरा जाळला तर हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाप्रमाणे साधा ५,००० आणि मोठ्या प्रमाणात असेल तर २५,००० रुपये दंड आहे. हे बऱ्याच अधिकाऱ्यांना अर्जात लिहून द्यावं लागतं. धूर असतानाचा व्हिडिओ घ्या. प्लॉट साफ ठेवायची जबाबदारी मालकाची, मालक पुण्या-मुंबईला असला तरी घरपट्टीच्या नोंदीवरनं पालिका त्याला नोटीस काढू शकते.

८. रस्त्यावरचा दिवा बंद आहे, हेस्कॉमला फोन केला तर घेत नाहीत?

खांब आणि तारा हेस्कॉमच्या, दिवा पालिकेचा किंवा पंचायतीचा. तार तुटली, ठिणग्या उडतात तर १९१२. दिवाच लागत नसेल तर खांबावरचा नंबर लिहून पालिकेत.

९. घरपट्टी भरतोय म्हणजे माझं घर कायदेशीर झालं ना?

नाही हो, आणि याच्यात लोकांचे आयुष्यभराचे पैसे अडकलेत म्हणून नीट वाचा. घरपट्टी ही घर वापरण्यावरची पट्टी आहे, मालकीचा पुरावा नाही. पंचायत हद्दीत ई-स्वत्तूमधनं (मिळकतींची ऑनलाइन नोंद) फॉर्म ९ आणि ११ मिळतात. एनए (बिगरशेती) झालेल्या, मंजूर लेआउटच्या किंवा गावठाणातल्या जागेला फॉर्म ९ आणि ११ अ. बाकीच्यांना ११ ब, म्हणजे पट्टी घेतलीय पण जागा नियमित नाही असा त्याचा अर्थ. शहरात तसंच ए खाता आणि बी खाता (खाता म्हणजे पालिकेच्या दफ्तरातली मिळकतीची नोंद). शेतजमीन तुकडे पाडून बाँडवर विकलेली असेल तर सबरजिस्ट्रारकडे नोंदच नसते, मग खाता निघत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि विकणारा माणूस नंतर भेटत नाही. घ्यायच्या आधी मूळ सर्व्हे नंबरचा उतारा आणि एनएची ऑर्डर मागा, नसेल तर घेऊ नका, कितीही ओळखीचा असू दे.

बी खाता किंवा ११ ब असला तरी पाणी, कचरा, दिवा मागायचा अर्ज जरूर द्या. तुमच्याकडनं पट्टी घेतली जाते आणि उघड्या गटाराचे डास कागद बघून चावत नाहीत.

शहरात घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सूट मिळते.

१०. अर्ज मराठीत दिला तर घेतात का?

संविधानाचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडायला कुठल्याही अधिकाऱ्याकडे देशात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. म्हणजे मराठी अर्ज नाकारता येत नाही. कलम नंबर अर्जाच्या वरच लिहा. आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या धोरणात १५ टक्क्यांच्या वर बोलणारे असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असं आहे, बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी किती आहेत ते मी सांगायला नको. परिपत्रकं मराठीत मिळावीत ही मागणी आपली जुनी आणि रास्त आहे, ती सोडायची नाही.

पण घरात पाणी शिरलंय आणि आजच्या आज काम व्हायला पाहिजे तेव्हा काय करायचं? मी स्वतः मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडतो. टेबलावरचा क्लार्क बऱ्याचदा विजापूर-बागलकोटकडचा असतो, त्याला मराठी वाचता येत नाही, अर्ज खाली जाऊन पडतो. हक्क म्हणून मराठी, काम लवकर व्हावं म्हणून कन्नड, दोन्ही द्या. एकदा एका कार्यालयात माझा अर्ज तीन महिने सापडलाच नव्हता कारण मी आवक नंबर घेतला नव्हता. तेव्हापासनं शिक्का, तारीख आणि आवक नंबर आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही.

११. अर्ज देऊन महिना झाला, आता पुढं?

आधी बघा की ती सेवा सकाल यादीत आहे का. जन्म-मृत्यू दाखला, खाता बदल, ट्रेड लायसन्स, नळजोडणी अशा सेवांना २०११ च्या सकाल कायद्यानं दिवस ठरवून दिलेत. अर्ज घेताना १५ आकडी नंबरची पोच मिळते, मुदत चुकली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई. रक्कम लहान आहे, पण ती अधिकाऱ्याच्या पगारातनं वसूल होऊ शकते.

गटार, रस्ता, कचरा अशा तक्रारींसाठी राज्याची १९०२ हेल्पलाइन आहे. तरी हललं नाही तर माहिती अधिकार. १० रुपये फी, ३० दिवस मुदत, बीपीएलला फी नाही. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे. "माझ्या अमुक आवक नंबरच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणी काय केलं" एवढं एकच विचारा.

जिल्हा किंवा तालुका पंचायतीच्या सदस्याला भेटतो म्हणाल तर, शेवटची निवडणूक २०१६ ची, २०२१ ला मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकांवरच कारभार चाललाय. म्हणून तालुक्याला कार्यकारी अधिकारी, जिल्ह्याला सीईओ, यांच्याच नावानं अर्ज लिहा.

१२. बळ्ळारी नाल्याचं पाणी दरवर्षी भातात येतंय, जबाबदार कोण?

सगळ्यात जास्त फोन याच्यावर येतात, शहापूर, वडगाव, जुने बेळगाव, हलगा, येळ्ळूर सगळीकडनं. या शिवारातला बासमती आपल्या भागाचं नाव होतं. आता जुलैमध्ये रोप लावलं की आठ दिवसांत पाणी चढतं, कुजतं, परत लावायचं, परत बुडतं, दोनदा बियाणं, दोनदा मजुरी.

कारणं बघा. शहर वाढलं, जिथं पाणी जिरायचं तिथं काँक्रीट झालं, त्यामुळे तेवढाच पाऊस आता झटक्यात नाल्यात येतो. शहराचं सांडपाणीही त्यातच येतं. नाल्यात गाळ आणि जलपर्णी. काठाला भराव टाकून बांधकामं. रस्त्यांखालच्या मोऱ्या अरुंद. आणि शेवटी हे सगळं मार्कंडेय नदीत जातं, नदी तुडुंब असली की नाल्याला जायला जागाच नसते, पाणी मागं फुगतं.

जबाबदारी वाटली गेलीय. शहर हद्दीतली सफाई पालिकेची, पुढं पंचायती, नाल्याचं मोठं काम पाटबंधारे खात्याचं, अतिक्रमणाची मोजणी महसूल आणि भूमापनाची, हायवेच्या मोरीचा विषय महामार्ग प्राधिकरणाचा. त्यामुळे एका ऑफिसला अर्ज करून उपयोग नाही, एकच अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि बाकी सगळ्यांना प्रत, म्हणजे पुढच्या मीटिंगला सगळे एका टेबलावर येतात. आणि हा अर्ज फेब्रुवारीत द्या. मे महिन्यात टेंडर निघेपर्यंत मिरग येतो.

नुकसानीसाठी तलाठ्याकडे आणि रयत संपर्क केंद्रात लगेच कळवा. ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं तरच मदत बसते, आणि २ हेक्टरपर्यंतच. २०२२ ते २०२६ च्या केंद्राच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० रुपये होते. उताऱ्यावर नाव आजोबांचं आणि कसणारे तीन नातू असतील तर पैसे अडकतात, वारसा आधी लावून घ्या.

१३. नदीचं पाणी काळं झालंय, मासे मेलेत, पंचायत म्हणते आमचं काम नाही?

कारखान्याची मळी असो नाहीतर फौंड्रीचं सांडपाणी, कारवाईचा अधिकार कर्नाटक प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. बेळगावला प्रादेशिक कार्यालय आहे. पंचायतीनं पंचनामा करून पत्र द्यावं एवढी मागणी मात्र करा. पाण्याचा नमुना तुम्ही बाटलीत भरून ठेवला तर तो कायद्यात पुरावा धरत नाहीत, अधिकाऱ्यानं रीतसर घ्यावा लागतो, म्हणून मासे दिसले त्याच तासाला फोन.

अवघड भाग सीमेचा. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि ती कृष्णा पुढं आपल्या जिल्ह्यात येते. वरची घाण इचलकरंजीकडची असेल तर इथलं मंडळ तिथं जाऊ शकत नाही. तेव्हा तक्रार दोन्ही राज्यांच्या मंडळांना, आणि प्रत केंद्रीय मंडळाला.

१४. पुरात दूधगंगा-वेदगंगेचे बंधारे बुडतात, सूचना कोण देतं?

२००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर आपण बघितलेत. कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, आणि कृष्णेवरचा कल्लोळ-यडूर असे बंधारे आधी पाण्याखाली जातात. आपल्याकडे ऊन असलं तरी कोयना आणि काळम्मावाडीच्या पाणलोटात पाऊस झाला की इथं पाणी येतं. म्हणून फक्त चिक्कोडी-निपाणीचा पाऊस बघू नका, कृष्णेच्या पाण्यासाठी राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग बघा. सूचना तहसीलदार आणि पंचायत देते. बंधाऱ्यावर पाणी आल्यावर बॅरिकेड बाजूला करून मोटरसायकल घालायची नाही, कितीही घाईचं असू दे. पीक नुकसानीचं प्रश्न १२ मध्ये आहे.

१५. घरासमोरचं झाड धोक्याचं आहे, नगरसेवकांनी तोडा म्हटलंय, चालेल का?

चालत नाही. १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी. तारेला लागणाऱ्या फांद्या हेस्कॉमवाले छाटतात.

१६. आमचं गाव जंगलात आहे, पंचायतीनं रस्ता मंजूर केला पण वनखातं अडवतंय, मार्ग आहे का?

आहे, पण अटी बघा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये रस्ता, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, विजेच्या तारा अशा १३ सोयींसाठी वनजमीन देता येते. प्रत्येक कामाला १ हेक्टरच्या आत जमीन, हेक्टरी ७५ च्या आत झाडं, आणि ग्रामसभेची शिफारस. मंजुरी डीएफओ (विभागीय वन अधिकारी) स्तरावर होते, फाइल दिल्लीला जायची गरज नाही. म्हणून पंचायतीचा मासिक ठराव उपयोगाचा नाही, ग्रामसभेचाच ठराव पाहिजे, कोरमसह आणि सह्यांसह. ठेकेदार आणायच्या आधी हा कागद तयार ठेवा.

भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांना एवढ्यावर भागत नाही. २०११ मध्ये अभयारण्य झालं, त्यामुळे वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते. तिथं पक्क्या डांबरी रस्त्यासाठी वर्षं घालवण्यापेक्षा आहे त्या वाटेची दुरुस्ती, ओढ्यावर साकव, आणि पावसाळ्यात बाळंतिणीला आणि आजारी माणसाला बाहेर काढायची सोय, एवढी मागणी आधी वेगळ्या अर्जात लिहा, तहसीलदार, तालुका आरोग्य अधिकारी आणि आरएफओ (वनक्षेत्रपाल) तिघांच्या नावानं, आणि मे महिना उजाडायच्या आधी.